घरचे शिक्षण आणि अपुरी राहिलेली पुस्तके

कलकत्त्याच्या जोडासाँको भागात ठाकूर घराण्याचा जो प्रशस्त वाडा आहे, त्यातील मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत एके काळी माणसाचा एक सांगाडा टांगलेला असे. हाडे तारेने जोडलेला हा सांगाडा मुद्दाम विकत आणलेला होता. वैद्यकाच्या शाळेतील एक विद्यार्थी घरी येई आणि त्याच्या साहाय्याने मुलांना अस्थिविद्येचे पाठ देई. मुले लहान होती, आणि १८६१ साली जन्मलेले रवींद्रनाथ त्यांच्यात सर्वांत धाकटे होते.

पुढे 'जीवनस्मृति' या आत्मकथनात रवींद्रनाथांनी आपल्या त्या वेळच्या दिनक्रमाचे वर्णन केले आहे. पहाटे अंधार असतानाच उठून एका पहिलवानाबरोबर कुस्ती खेळावयाची. अंगाची माती निघते न निघते तोच वर सदरा चढवून पदार्थविज्ञान, भूमिती, अंकगणित, इतिहास, भूगोल आणि मायकेल मधुसूदन दत्तांचे 'मेघनादवध' काव्य यांचा अभ्यास करावयाचा. हे विषय शिकविणारे नीलकमल घोषाल सकाळी सहापासून साडेनऊपर्यंत बसत. त्यानंतर शाळा. शाळेतून परतल्यावर व्यायामाचे शिक्षक, मग चित्रकलेचे शिक्षक आणि दिवेलागणीनंतर इंग्रजी शिकविणारे अघोरबाबू. अघोरबाबू मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी होते आणि त्यांची प्रकृती ठणठणीत असल्यामुळे त्यांचा खाडा कधी होत नसे. मुसळधार पावसातही गल्लीच्या वळणावर त्यांची छत्री दिसे आणि मुलांची निराशा होई. रविवारची सकाळही मोकळी नव्हती. त्या दिवशी गाणे आणि पदार्थविज्ञानाचे प्रयोग असत. शिवाय मुग्धबोध व्याकरणाची सूत्रे पाठ करावयाची ती निराळीच.

हा सारा अभ्यासक्रम तिसरे वडीलबंधू हेमेंद्रनाथ यांनी आखलेला होता. त्यात एक मोठा गुण होता आणि तो रवींद्रनाथांनी कृतज्ञतेने नोंदविला आहे: सर्वत्र इंग्रजीचा बोलबाला असताना हेमेंद्रनाथांनी मुलांना दीर्घकाळ बंगालीतूनच शिकविण्याचा आग्रह धरला. दोष होता तो वेगळाच. प्रत्येक शिक्षक आपापले पुस्तक घेऊन येई, काल जेथे खूण घातली तेथे उघडी आणि पुढे चालू लागे. ज्याच्यासाठी ही पुस्तके उघडली जात होती त्या मुलाला यातील काय आधीच येते आणि काय मुळीच उमगत नाही, हे विचारण्याचे काम त्या वेळापत्रकात कोणाकडेच सोपविलेले नव्हते. संध्याकाळच्या इंग्रजीच्या तासाला मुलाचे डोळे मिटत आणि पुस्तक मात्र पुढे सरकत राही.

दीडशे वर्षांपूर्वीच्या एका श्रीमंत घरातील ही हकीगत आज सांगण्याचे कारण असे, की घरी शिक्षण देणाऱ्या पालकांना आज जी अडचण भेडसावते, ती नेमकी हीच आहे. मुलाला शाळेत न घालता घरी शिकविण्याचा निर्णय काही कुटुंबे घेतात. हा निर्णय घेताना वर्गातील ठरीव चाकोरी मुलाला नको, असे त्यांच्या मनात असते. परंतु प्रत्यक्ष प्रारंभ होतो तो पुस्तकांच्या खरेदीने. प्रत्येक विषयाचे एक पाठ्यपुस्तक, त्याची स्वाध्यायपुस्तिका, वर वाचनमाला, असा संच घरात येतो आणि शाळेची चाकोरी मागच्या दाराने आत शिरते. फाल्गुन उजाडला की इतिहासाची आठ प्रकरणे राहिलेली असतात, स्वाध्यायपुस्तिकेची निम्मी पाने कोरी असतात आणि आईला वाटू लागते की आपण मुलाचे नुकसान केले. मग उरलेली पाने घाईने उरकली जातात. हे उरकणे म्हणजे शिक्षण नव्हे, हे त्या आईला कळत नाही असे नाही. परंतु पुस्तक अर्धे टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे, याची खात्री तिला कोणी दिलेली नसते.

म्हणून पाठ्यपुस्तक ही वस्तू काय आहे, ते प्रथम पाहिले पाहिजे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गासाठी ते लिहिलेले असते. त्या वर्गात काही मुले पुढे असतात, काही मागे. कोणी आजारपणाने महिनाभर आलेले नसते. म्हणून पहिली एकदोन प्रकरणे मागील वर्षाच्या उजळणीची असतात, एकाच प्रकारची वीस उदाहरणे दिलेली असतात आणि धड्याखालचे प्रश्न एका शिक्षकाला पन्नास वह्या तपासता येतील अशा बेताचे असतात. एक मूल आणि एक प्रौढ माणूस समोरासमोर बसलेले असताना या गोष्टींपैकी कित्येकांचे प्रयोजनच उरत नाही. मुलाने तोंडी उत्तर दिले असेल, तर तेच पुन्हा रिकाम्या जागेत लिहून घेण्यात वेळेखेरीज काय खर्च होते? खर्च होते ती मुलाची इच्छा, आणि ती मात्र लवकर भरून येत नाही.

जोडासाँकोच्या त्याच मुलाला १८७३ साली एक वेगळा शिक्षक मिळाला. उपनयन झाल्यानंतर वडील देवेंद्रनाथ त्याला आपल्याबरोबर हिमालयाच्या यात्रेस घेऊन गेले. बोलपूर, अमृतसर असे मुक्काम करीत पितापुत्र डलहौसीच्या डोंगरावर पोहोचले. बारा वर्षांच्या आतबाहेरचा हा मुलगा वडिलांच्या इतक्या निकट प्रथमच राहत होता. येथेही अभ्यास होता, वेळ ठरलेली होती आणि बर्फासारख्या पाण्याने स्नानही होते. शिस्त सैल होती असे मुळीच नाही. फरक पुस्तक हाताळण्याच्या रीतीत होता.

संस्कृताचेच उदाहरण घेऊ. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी संस्कृत शिकणाऱ्यांसाठी 'ऋजुपाठ' या नावाची पाठमाला तीन भागांत रचली होती आणि व्याकरणाच्या प्रवेशासाठी 'उपक्रमणिका' लिहिली होती. सामान्य क्रम असा, की पहिला भाग संपवावा आणि मग दुसऱ्याकडे वळावे. देवेंद्रनाथांनी मुलाच्या हाती एकदम दुसरा भाग दिला. पहिल्या भागाला त्यांनी हातही लावला नाही. त्याबरोबर 'उपक्रमणिके'तील शब्दरूपे मात्र पाठ करावयास लावली. पहाटे उठून ती घोकण्यातून सुटका नव्हती.

हे धाडस का साधले, याचे कारण रवींद्रनाथांनीच दिले आहे. घरी बंगालीचा अभ्यास इतका पक्का झालेला होता, की संस्कृताचे बरेचसे काम त्यानेच आधी करून ठेवले होते. शब्द ओळखीचे होते, समास ओळखीचे होते. अडत होते ते केवळ विभक्तिप्रत्यय. म्हणजे जे येत होते ते देवेंद्रनाथांनी वगळले, आणि जे येत नव्हते ते वेगळ्या पुस्तकातून काढून पक्के करून घेतले. एक पुस्तक मधून सुरू केले, दुसऱ्यातील केवळ एक अंग उचलले. शिवाय प्रथमपासूनच त्यांनी मुलाला संस्कृतात काही रचण्यास उत्तेजन दिले. त्याने वाचलेले शब्द जोडून, जागोजाग अनुस्वार ठोकून जी रचना केली ती विनोदीच असणार. परंतु वडिलांनी तिची थट्टा केली नाही. ज्या मुग्धबोधाने या मुलाला जेरीस आणले होते, त्याच भाषेशी तो आता आपण होऊन खेळू लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुस्तक सोडणे म्हणजे सवलत देणे नव्हे. पहिला भाग सोडल्यामुळे मुलाचे श्रम कमी झाले नाहीत. ते योग्य जागी गेले.

इंग्रजीसाठी देवेंद्रनाथांनी 'पीटर पार्ले' मालेतील बरीच पुस्तके बरोबर घेतली होती. त्यांतून त्यांनी बेंजामिन फ्रँकलिनचे चरित्र निवडले. गोष्टीसारखे ते मनोरंजक होईल आणि उपकारकही होईल, अशी त्यांची कल्पना होती. शिकवावयास बसल्यावर मात्र त्यांना ते रुचेना. फ्रँकलिनची व्यवहारी, जमाखर्च मांडणारी नीती त्यांच्या वृत्तीला बोचू लागली आणि शिकविता शिकविता ते मध्येच त्या मतांचा प्रतिवाद करू लागले. पुस्तक चुकीचे निवडले गेले, तर काय करावे? एक मार्ग ते मिटून ठेवण्याचा. दुसरा देवेंद्रनाथांचा: पुस्तकाशी मुलासमोर मोकळेपणाने भांडावे. छापलेल्या पानाशी मतभेद असू शकतो, हे मुलाला कोणत्या स्वाध्यायातून कळले असते?

खगोलशास्त्राची रीत याहून निराळी. प्रॉक्टरच्या सुबोध इंग्रजी ग्रंथातून ते निवडक भाग सोप्या शब्दांत समजावून देत आणि मुलाने तो बंगालीत लिहून काढावयाचा. रात्री डोंगरावरच्या स्वच्छ आकाशात तेच तारे दाखविले जात. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला ही रीत विशेष जवळची वाटते. जे समजले नाही ते आपल्या भाषेत लिहिता येत नाही. लेखणी तेथे अडते आणि आपले अज्ञान कोठे आहे, ते नेमके दाखवून देते. त्यासाठी वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही.

तथापि या मोकळ्या रीतीचा एक धोकाही त्याच प्रवासाच्या शेवटी दिसून आला, आणि रवींद्रनाथांनी तो लपविला नाही. घरी परतल्यावर मुलाने आईला सांगितले, की आपण प्रत्यक्ष वाल्मीकींचे संस्कृत रामायण वाचतो. वास्तविक 'ऋजुपाठा'त रामायणातील थोडासा उतारा होता, तेवढाच त्याने वाचला होता. आईला अपार कौतुक वाटले. तिने वाचून दाखविण्यास सांगितले. वाचू लागल्यावर मुलाच्या ध्यानात आले, की मधला बराचसा अर्थ आपण विसरलो आहोत. जेथे आठवेना तेथे त्याने आपल्या पदरचे घातले. आईने थोरल्या मुलाला, द्विजेंद्रनाथांना, बोलावून घेतले. ते स्वतःच्या लेखनात गढलेले होते. दोन श्लोक ऐकून त्यांनी 'छान' म्हटले आणि ते निघून गेले, म्हणून प्रसंग निभावला. अर्धे वाचलेले पुस्तक पुरे वाचले असे भासविणे मुलांना सहज जमते, आणि ज्या घरात परीक्षा नाही, त्या घरात ते अधिकच जमते. पुस्तक सोडावयाचे असेल तर ते उघडपणे सोडावे, एवढा बोध यातून पालकांनी अवश्य घ्यावा.

डलहौसीहून परतल्यावर शाळेत रवींद्रनाथांचे मन रमले नाहीच. घरी शिकविणारे ज्ञानचंद्र भट्टाचार्य यांनी शालेय अभ्यासात विद्यार्थ्याला गुंतविण्याचा प्रयत्न करून पाहिला आणि तो फसल्यावर मार्गच बदलला. कालिदासाचे 'कुमारसंभव' ते बंगालीत अर्थ सांगून वाचू लागले. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चा काही भाग समजावून देत आणि तेवढ्याचे बंगाली पद्यात भाषांतर होईपर्यंत मुलाला खोलीत कोंडून ठेवीत. अशा रीतीने सबंध नाटक भाषांतरित झाले. त्यातील बराचसा भाग पुढे हरवला. संस्कृत शिकविणारे रामसर्वस्व पंडित यांनीही व्याकरणाला तयार नसलेल्या विद्यार्थ्यापुढे व्याकरण बाजूस ठेवून 'शाकुंतल' उघडले. हेच पंडित एके दिवशी त्याला 'मॅकबेथ'चे भाषांतर ऐकविण्यासाठी विद्यासागरांकडे घेऊन गेले. ज्या पाठमालेचा पहिला भाग या मुलाने कधी वाचला नव्हता, तिचे कर्ते समोर बसून त्याचे भाषांतर ऐकत होते. तेथे उपस्थित असलेल्या राजकृष्ण मुखोपाध्यायांनी चेटकिणींच्या भाषणांचा छंद इतरांहून वेगळा ठेवावा, अशी सूचना केली. इतकी नेमकी सूचना त्या वयाच्या मुलाला सहसा मिळत नाही.

आणखी एका पुस्तकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. वडिलांच्या संग्रहात जयदेवाच्या 'गीतगोविंदा'ची एक जुनी प्रत होती. तीत पद्याच्या ओळी पाडलेल्या नव्हत्या. सारा मजकूर गद्यासारखा सलग छापलेला होता. मुलाला संस्कृत फारसे येत नव्हते. तरीही कानाने छंद शोधीत, ओळी जागच्या जागी तोडीत त्याने ते काव्य वाचले आणि सबंध 'गीतगोविंद' एका वहीत उतरवून काढले. कोणी नेमून दिले नव्हते, ते पुस्तक त्याने अथपासून इतिपर्यंत पुरे केले.

यावरून असा समज होऊ नये, की घरातील मंडळी या प्रकारावर संतुष्ट होती. १८७५-७६ च्या सुमारास शाळा कायमची सुटली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी या मुलाविषयीची आशा जवळजवळ सोडून दिली. पुढे काय घडले हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे त्यांची काळजी आज आपल्याला हास्यास्पद वाटते. पण त्यांना पुढचे ठाऊक नव्हते. आजच्या पालकांनाही ते ठाऊक नसते. सर्वच मुले रवींद्रनाथ होत नाहीत, आणि एका प्रतिभावंताच्या दाखल्यावरून सामान्य नियम काढणे धोक्याचे आहे, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. येथे त्यांच्या प्रतिभेचा प्रश्न नाही. एकच मूल एका रीतीने झोपी जात होते आणि दुसऱ्या रीतीने जागे होत होते, एवढीच आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट.

अघोरबाबूंकडे अर्धवट राहिलेल्या इंग्रजीचे काय झाले? १८७८ साली विलायतेला जाण्यापूर्वी रवींद्रनाथ दुसरे वडीलबंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे अहमदाबादेस राहिले. सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश होते. शाहीबागेतील जुन्या बादशाही वाड्यात त्यांचे बिऱ्हाड होते. दिवसभर रिकाम्या असलेल्या त्या घरात बंधूंची पुस्तके होती, आणि मुलगा शब्दकोश घेऊन आपल्या आवाक्याबाहेरची इंग्रजी पुस्तके वाचू लागला. नंतर मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या कुटुंबात त्याची राहण्याची व्यवस्था झाली. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या या गृहस्थांच्या विलायतेहून आलेल्या कन्या अन्नपूर्णा यांच्या सहवासात तो इंग्रजी संभाषणाचे वळण शिकला. वाचनपाठांच्या मालेतून जी भाषा आली नव्हती, ती एका मराठी घरात बोलता बोलता आली.

ज्या १८७८ साली हा बंगाली मुलगा मुंबईत होता, त्याच वर्षी घरीच शिकलेली एक मराठी तरुणी कलकत्त्यात दाखल झाली होती. तिचे शिक्षण याच्या अगदी उलट पद्धतीचे होते आणि म्हणूनच तिची हकीगत येथे आवश्यक आहे. रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री यांनी लोकमत झुगारून पत्नीला संस्कृत शिकविले होते. रमाबाईंच्या वेळी ते वृद्ध झाले होते, म्हणून आई लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकविले. घरकामाच्या रगाड्यातून वेळ मिळावा म्हणून ती पहाटे मुलीला जागे करी आणि पाठ देई. भागवतासारखा ग्रंथ मुलीने मुखोद्गत केला. येथे पुस्तक अर्धे सोडण्याचा प्रश्नच नव्हता; निवडलेले पुस्तक रक्तात भिनविले जाई. कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

परंतु या चित्राची दुसरी बाजू रमाबाईंनीच सांगितली आहे. आईवडिलांनी पारमार्थिक ग्रंथांबाहेरचे सर्व शिक्षण कटाक्षाने वर्ज्य केले होते. दुष्काळ आला, १८७४ च्या सुमारास आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. मागे राहिलेल्या रमाबाई व भाऊ श्रीनिवास यांना पोट भरण्याचे कोणतेही काम येत नव्हते. दोघे भावंडे देशभर पायी हिंडत, अर्धपोटी राहत कलकत्त्यास आली होती. म्हणजे एका घरात पुस्तके सोडली गेली आणि दुसऱ्यात एकही सोडले गेले नाही. तरी दुसऱ्या घराने जे वगळले होते, ते पहिल्यापेक्षा कितीतरी मोठे होते. प्रत्येक अभ्यासक्रम काहीतरी वगळतोच. अंतर एवढेच, की पुस्तकातील गाळलेले प्रकरण अनुक्रमणिकेत डोळ्यांना दिसते. मुळातच न आणलेले पुस्तक दिसत नाही.

घरी शिकविणाऱ्यांनी कोणत्या विषयात किती मोकळीक घ्यावी, याचे एकच माप नाही. गणितात सर्वांत कमी. अपूर्णांक कच्चे राहिले तर गुणोत्तर कळत नाही, गुणोत्तर कच्चे राहिले तर शेकडेवारी कळत नाही. येथे मधली पायरी गाळली की पुढे दोन वर्षांनी पाय घसरतो. मात्र गणितातही सगळी उदाहरणे सोडविण्याचे कारण नाही. प्रकरणाच्या शेवटची चार-पाच कठीण उदाहरणे आधीच द्यावीत. ती निर्वेधपणे सुटली तर ते प्रकरण झाले असे समजावे, आणि अडली तर कोठे अडली ते पाहून तेवढेच शिकवावे. याउलट इतिहासाचे पुस्तक कोणत्याही प्रकरणापासून उघडता येते. कोलकात्याच्या मुलाला पलाशीच्या लढाईपासून आरंभ करून मागे जाता येईल, साताऱ्याच्या मुलाला अजिंक्यताऱ्यापासून. भाषेची वाचनमाला तर मुलाच्या वाचनाचा पुढे जावयाचा दरवाजा आहे. त्यातून मूल बाहेर पडून स्वतः पुस्तके वाचू लागले, की तिचे उरलेले भाग तसेच राहिले तरी चालतील. विज्ञानात मात्र धडे सोडावेत, प्रयोग सोडू नयेत. जोडासाँकोच्या रविवारच्या वर्गात काचेच्या भांड्यात लाकडाचा भुसा टाकून पाणी तापविले होते, आणि तापलेले पाणी वर जाते व थंड खाली येते हे प्रत्यक्ष दिसल्यावर त्या मुलाला वाटलेले आश्चर्य त्याने पन्नाशीपर्यंत जपून ठेवले. त्याच घरातील अस्थिविद्येविषयी असे म्हणता येत नाही.

आणि मूल कंटाळले म्हणून पुस्तक सोडावे काय? येथे निर्णय कठीण असतो. कंटाळ्याची कारणे दोन असतात: येत असलेलेच पुन्हा करावे लागणे, किंवा मागचे काही न आल्यामुळे पुढचे अनाकलनीय होणे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्यात पाने उलटावीत. दुसऱ्यात मागे जावे. यातील फरक न पाहता दर दोन महिन्यांनी नवा संच विकत आणणारे पालक सर्वच्या सर्व पाने भरून घेणाऱ्यांइतकेच चुकतात, आणि वर खर्चही करतात.

ज्यांना पाठ्यपुस्तकाविषयी फारच धाक वाटतो, त्यांनी त्याची लांबी कोण ठरविते हेही पाहावे. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली दप्तराच्या ओझ्याविषयी जो अहवाल दिला, त्यात पाठीवरील ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जाचक असल्याचे दाखवून दिले होते. २०२० साली महासाथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववी ते बारावीचा अभ्यासक्रम सुमारे तीस टक्क्यांपर्यंत कमी केला. २०२२ मध्ये एन.सी.ई.आर.टी.ने आपल्या पुस्तकांतील प्रकरणे गाळली आणि कोणती गाळली यावरून मोठा वाद झाला. तो वाद योग्यच होता, कारण काय वगळले याचा जाब विचारलाच पाहिजे. पण त्यावरून हेही स्पष्ट होते, की पुस्तकाचे शेवटचे पान ही निसर्गाने आखलेली सीमा नव्हे. काही माणसांनी बसून घेतलेला तो निर्णय असतो. असा निर्णय विचारपूर्वक घेणे एखाद्या आईलाही अशक्य नाही.

स्वतः बाप झाल्यावर रवींद्रनाथांनी काय केले? १८९८ च्या सुमारास त्यांनी कुटुंब पद्मेच्या काठी शिलाईदहला नेले आणि मुलांसाठी घरीच शाळा मांडली. इंग्रजीला लॉरेन्स नावाचे इंग्रज गृहस्थ, संस्कृताला शिवधन विद्यार्णव, गणिताला जगदानंद राय. बंगाली ते स्वतः शिकवीत. पाठांतर होते, नेम होता. बाजारातील पुस्तके मनासारखी मिळेनात, तेव्हा त्यांनी स्वतः संस्कृत व इंग्रजीची क्रमिक पुस्तके लिहिली. पुढे १९३० साली 'सहज पाठ' लिहिले, ज्याची चित्रे नंदलाल बसूंनी काढली. 'तोताकाहिनी' (१९१८) या उपहासकथेत पोथ्यांची पाने घशात कोंबून पोपटाला मारणारे पंडित रंगविणाऱ्या लेखकाने पाठ्यपुस्तके लिहावीत, यात विसंगती नाही. पुस्तकाला त्यांचा विरोध नव्हता. ते घशात कोंबण्याला होता. आणि थोरला मुलगा रथींद्रनाथ याला त्यांनी परीक्षेपासून दूर ठेवले नाही. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा तो उत्तीर्ण झाला आणि १९०६ साली शेतीशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेला.

परीक्षेची बाब आजही डोळ्यांआड करता येत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. घरी शिकणाऱ्या मुलांची स्वतंत्र तरतूद त्यात नाही. व्यवहारात अशी मुले बहुधा मुक्त विद्यालयांच्या परीक्षेस बसतात. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था वयाच्या चौदाव्या वर्षापासून माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदवून घेते. पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय सोडवीत जाता येते, आणि भाषाविषयांत मराठी व बंगाली दोन्ही आहेत. पश्चिम बंगालच्या राज्य मुक्त विद्यालयाला तर रवींद्रनाथांचेच नाव दिलेले आहे.

अशा परीक्षेच्या आधीचे वर्ष-दीड वर्ष मोकळ्या रीतीला मुरड घालावी लागते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तेव्हा नेमलेला अभ्यासक्रम समोर ठेवून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जावेच लागते. त्या वेळी उपयोगी पडते ती एक साधी वही. वर्षानुवर्षे कोणते पुस्तक कोठे थांबविले, कोणती प्रकरणे सोडली आणि का सोडली, हे पालकांनी तीत तारीखवार लिहून ठेवावे: 'येत होते म्हणून', 'आता झेपत नाही म्हणून', 'आम्हीच थकलो म्हणून'. पहिल्या प्रकारच्या नोंदींकडे पुन्हा पाहण्याची गरज क्वचितच पडते. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी दर सहा महिन्यांनी उघडाव्यात. पूर्वी न झेपलेले प्रकरण कित्येकदा तासाभरात होऊन जाते. तिसऱ्या प्रकारच्या नोंदी लिहिताना हात अडखळतो, पण परीक्षेच्या वर्षी सर्वांत आधी त्याच काढाव्या लागतात.